एकाच एन्झाइमची निराळी रूपे : ल्युकेमियाच्या पेशींमध्ये ती स्लाइडवर कशी ओळखावीत

ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, रुग्णाच्या पांढऱ्या पेशींतील एन्झाइमचा रंग स्लाइडवर उठवणे फारसे कठीण नाही. फिक्सेटिव्ह (पेशी स्लाइडवर पक्क्या करणारे द्रावण), सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करते तो पदार्थ) आणि डायझो रंग (त्या कामातून निघालेल्या पदार्थाशी जुळून रंग देणारे रसायन) हाताशी असले की तासा-दीड तासात रंग उठतो. कठीण असते ते हा रंग त्या एन्झाइमच्या कोणत्या रूपाने दिला हे ओळखणे, आणि निदानाचे वजन असते ते नेमके या ओळखीवरच. फ्लो सायटोमेट्रीसाठी (पेशींवरच्या खुणा यंत्राने मोजण्याच्या तपासणीसाठी) नमुना मुंबई-पुण्याला पाठवून अहवालाची वाट पाहावी लागते, अशा ठिकाणी काम करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी आणि पॅथॉलॉजीच्या विद्यार्थ्यांसाठी मी हे लिहीत आहे. त्या वाट पाहण्याच्या दिवसांत डॉक्टरांच्या हाती जे काही असते, त्यात आपल्या टेबलावरची स्लाइड असते, आणि म्हणून ती चुकता कामा नये.

आधी रूपांची गोष्ट समजून घेऊ. तेच रासायनिक काम करणारी, पण घडणीने वेगळी असलेली एन्झाइम एकाच शरीरात, कधीकधी एकाच पेशीत, सापडतात. त्यांना आयसोएन्झाइम म्हणतात आणि हा शब्द १९५९ साली मार्कर्ट आणि म्योलर यांनी रूढ केला. पांढऱ्या पेशी फोडून त्यांचा अर्क जेलमधून विजेच्या प्रवाहाने सरकवला की ही रूपे वेगवेगळ्या अंतरावर थांबतात आणि त्यांचे निरनिराळे पट्टे दिसतात. १९७०च्या सुमारास ली, याम आणि लॅम यांनी पांढऱ्या पेशींतील आम्ल फॉस्फटेजचे असे पट्टे वेगळे करून त्यांना क्रमांक दिले, आणि १९७१ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, ज्या आजाराला आज आपण हेअरी सेल ल्युकेमिया म्हणतो त्याच्या पेशींत पाचव्या क्रमांकाचे रूप ठळकपणे असते व ते टार्ट्रेट या एन्झाइम रोखणाऱ्या क्षाराला दाद देत नाही. बाकीची रूपे टार्ट्रेटपुढे थंडावतात. जेलवरचा हा फरक असे रोधक रसायन वापरून साध्या स्मिअरवर, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या पातळ थरावर, आणि तोही पेशीचा आकार डोळ्यांपुढे ठेवून, पाहता येतो. पट्ट्यावरून रूप कळते, पण ते कोणत्या पेशीतून आले हे कळत नाही; स्लाइडवर दोन्ही कळते.

यातून कामाचा नियम निघतो. एकटी स्लाइड रूपाबद्दल काहीही सांगत नाही. प्रत्येक वेळी जोडी हवी, एक रोधकाविना आणि एक रोधकासह, आणि त्या जोडीवर साक्षीला अशी एखादी निरोगी पेशी हवी जिचे वागणे आपल्याला आधीच ठाऊक आहे. पुढे मी तिला साक्षीपेशी म्हणेन. ही साक्षीपेशी न शोधता दिलेला अहवाल मी स्वतः मान्य करत नाही.

नमुना घेताना

शक्य असेल तिथे बोटाला टोचून आलेल्या रक्ताचे स्मिअर थेट स्लाइडवर करावेत. नळीतच रक्त घ्यावे लागले तर ते गोठू नये म्हणून हेपॅरिन चांगले. ईडीटीए हे दुसरे गोठणरोधक धातूंचे आयन बांधून ठेवते आणि अल्कधर्मी फॉस्फटेजला तर जस्त व मॅग्नेशियम दोन्ही लागतात, त्यामुळे ईडीटीएच्या नळीत रक्त जितका वेळ राहील तितके हे एन्झाइम मंदावत जाते. अस्थिमज्जेचा नमुना मिळणार असेल तर पहिल्या थेंबांचेच स्मिअर करावेत आणि किमान सहा स्लाइड न रंगवता राखून ठेवाव्यात; प्लेटलेट घसरलेल्या लहान मुलाला केवळ आपल्याकडच्या स्लाइड संपल्या म्हणून दुसऱ्यांदा सुई टोचावी लागणे ही फार वाईट गोष्ट आहे.

स्मिअर पंख्याच्या वाऱ्यावर लगेच सुकवावेत. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ते सुकायला वेळ लागतो, आणि संथपणे सुकलेल्या स्मिअरमध्ये पेशी आक्रसतात व एन्झाइमही बाहेर झिरपते. याच दिवसांत फास्ट ब्लू आणि फास्ट गार्नेटसारखे डायझो रंगही दमट हवेने बिघडतात. बाटली फ्रीजमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मगच उघडावी, नाहीतर आत दव धरते. त्याच दिवशी रंगवणे जमणार नसेल तर सुकलेल्या स्लाइड फॉइलमध्ये गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट डब्यात, थंड जागी ठेवाव्यात. अल्कधर्मी फॉस्फटेजसाठी मात्र ही सवलत घेऊ नये. ती स्लाइड त्याच दिवशी रंगवावी.

टार्ट्रेटची जोडी

हेअरी सेल ल्युकेमियाचा संशय साधारणपणे असा येतो : मध्यमवयीन पुरुष, प्लीहा वाढलेली, तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी कमी, मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) तर शोधूनही सापडत नाहीत, आणि अस्थिमज्जेतून सुईने काही येतच नाही. अशा वेळी रक्ताच्या साध्या स्मिअरमध्ये संशयित पेशी मोजक्याच असतात. म्हणून रक्त सेंट्रिफ्यूज करून लाल पेशी आणि प्लाझ्मा यांच्या मधला पांढरट थर, म्हणजे बफी कोट, अलगद उचलून त्याचे स्मिअर करावेत. ही पायरी गाळली तर पुढची सगळी मेहनत चार-दोन पेशींच्या भरवशावर राहते.

स्लाइड सायट्रेट-ॲसिटोनमध्ये अर्धा मिनिट फिक्स करून डिस्टिल्ड पाण्याने धुवाव्यात. नॅफ्थॉल एएस-बीआय फॉस्फेट थोड्याशा डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये विरघळवून ०.१ मोलर ॲसिटेट बफरमध्ये मिसळावे. बफरचा पीएच ५.२ असावा. त्यात फास्ट गार्नेट जीबीसी घालून ढवळावे, लगेच गाळावे आणि ५०-५० मिलिलिटरच्या दोन कोपलिन जारमध्ये वाटून घ्यावे. पहिल्या जारला ‘अ’ म्हणू. दुसऱ्या, म्हणजे ‘ब’ जारमध्ये ३७५ मिलिग्रॅम एल(+) टार्टरिक आम्ल घालायचे असते, म्हणजे त्याचे प्रमाण ०.०५ मोलर होते.

इथे दोन ठिकाणी घात होतो, आणि तो होताना दिसत नाही म्हणून जरा थांबतो. बाटलीवर एल(+) लिहिलेले आहे याची खात्री करावी, कारण टार्टरिक आम्लाचा आरशातल्या प्रतिमेसारखा दुसरा प्रकार, डी(-), या एन्झाइमला रोखत नाही. तो वापरला तर प्रत्येक रुग्ण हेअरी सेलचाच वाटेल. दुसरा घात याच्या उलट दिशेचा आहे. टार्टरिक आम्ल घातल्यावर ‘ब’ जारचा पीएच झपकन खाली येतो, आणि सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब सोडत तो पुन्हा ५.२ वर आणला नाही तर टार्ट्रेटमुळे नव्हे, तर नुसत्या आंबटपणामुळे सगळीच रूपे निष्प्रभ होतात आणि खरी हेअरी सेलसुद्धा कोरी दिसते. पीएच कागदावर विसंबू नये, मीटरवर पाहावा, आणि स्लाइड बुडवण्याच्या आधी पाहावा. पीएच जुळवण्याचे हे काम फास्ट गार्नेट घालण्यापूर्वीच उरकून घेतले तर अधिक बरे, कारण रंगाचे द्रावण एकदा तयार झाले की ते थांबत नाही, त्यातला गाळ वाढतच राहतो.

दोन्ही जार ३७ अंश सेल्सिअसच्या वॉटर बाथमध्ये, उजेडापासून झाकून, एक तास ठेवावेत. एप्रिल-मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात खोलीचेच तापमान याच्या वर असते. तेव्हा वॉटर बाथचा आकडा नव्हे, पाण्यात बुडवलेल्या थर्मामीटरचा आकडा वहीत लिहावा. तासानंतर स्लाइड धुवून हेमॅटॉक्सिलिनचा हलका प्रतिरंग द्यावा आणि ग्लिसरीन जेलीवर कव्हरस्लिप बसवावी. अल्कोहोल किंवा झायलीनमधून नेऊ नये. रंग विरघळून जातो.

आता वाचन. प्रथम ‘अ’ स्लाइडवर न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या कणदार पांढऱ्या पेशी) पाहावेत. त्यांत गडद लालसर कण दिसले तर अभिक्रिया झाली. मग ‘ब’ स्लाइडवर पुन्हा न्यूट्रोफिलच पाहावेत, कारण ते इथले साक्षीपेशी आहेत : त्यांचा रंग गेलेला असेल तरच टार्ट्रेटने काम केले असे म्हणता येते. न्यूट्रोफिल रंगलेलेच राहिले असतील तर ती स्लाइड बाजूला ठेवून पुन्हा सुरुवात करावी, भले संशयित पेशी कितीही सुंदर लाल दिसत असोत. साक्ष पटल्यावर दोन्ही स्लाइडवर लिम्फॉइड, म्हणजे लिम्फोसाइट वंशाच्या, पेशी पाहाव्यात. ‘ब’ स्लाइडवर सायटोप्लाझ्म (केंद्रकाभोवतीचा पेशीद्रव) दाट, खरखरीत, लाल कणांनी भरलेला आणि कडा केसाळ, अशा पेशी थोड्या सापडल्या तरी त्यांना अर्थ असतो. एखाद-दोन फिकट कणांच्या पेशींना नसतो, कारण उद्दीपित झालेल्या लिम्फोसाइटमध्ये आणि प्लीहेच्या काही लिम्फोमांमध्ये तेवढा रंग राहू शकतो. अस्थिमज्जेच्या स्लाइडवर आणखी एक साक्षीदार मिळू शकतो. ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड झिजवणारी अनेक केंद्रकांची भलीमोठी पेशी, याच पाचव्या रूपाने भरलेली असते आणि टार्ट्रेटनंतरही लालच राहते. एकाच क्षेत्रात कोरे न्यूट्रोफिल आणि लाल ऑस्टिओक्लास्ट दिसले तर त्याहून चांगली नियंत्रण स्लाइड विकत मिळत नाही.

टी-पेशींच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातही ‘अ’ स्लाइडवर आम्ल फॉस्फटेजचा जोरदार रंग येतो, पण तो केंद्रकाच्या कडेला एका ठिपक्यात गोळा झालेला असतो आणि ‘ब’ स्लाइडवर विरून जातो. रंग तोच, एन्झाइमचे नावही तेच, पण रूप आणि आजार दोन्ही निराळे. जोडीचा आग्रह मी धरतो तो याचमुळे.

फ्लोराइडची जोडी

एस्टरेज या दुसऱ्या एन्झाइमचे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. पांढऱ्या पेशींच्या अर्कात त्याचे नऊ पट्टे वेगळे करता आले : १, २, ७, ८ आणि ९ हे ग्रॅन्युलोसाइट (न्यूट्रोफिलसारख्या कणदार पेशी) वंशाकडे, तर ३ ते ६ हे मुख्यतः मोनोसाइटकडे. पहिल्या गटाला नॅफ्थॉल एएस-डी क्लोरोॲसिटेट हे सब्स्ट्रेट मानवते, दुसऱ्याला अल्फा-नॅफ्थाइल ॲसिटेट किंवा ब्युटिरेट. मोनोसाइटमधल्या रूपांना सोडियम फ्लोराइड रोखते. ग्रॅन्युलोसाइटमधल्या रूपांना रोखत नाही. तीव्र मायलॉइड ल्युकेमियात ब्लास्ट, म्हणजे अगदी कोवळ्या, पेशी मोनोसाइट वंशाच्या आहेत की नाहीत, हा प्रश्न आपण या फरकावर सोडवतो.

स्लाइड थंड, बफर केलेल्या फॉर्मॅलिन-ॲसिटोनमध्ये अर्धा मिनिट फिक्स कराव्यात. पॅरारोझॅनिलिनचे आम्लातील ४ टक्के द्रावण आणि ताज्या सोडियम नायट्राइटचे ४ टक्के द्रावण सम प्रमाणात एकत्र करून एक मिनिट थांबावे. मिश्रण पिवळसर तपकिरी झाले पाहिजे. गुलाबीपणा उरला असेल तर नायट्राइट जुने झाले आहे, ते टाकून नवे करावे. हे मिश्रण सब्स्ट्रेटसह फॉस्फेट बफरमध्ये घालून पीएच ६.१ वर आणावा, द्रावण गाळावे, दोन जारमध्ये वाटावे, आणि त्यांपैकी एकात दर मिलिलिटरला १.५ मिलिग्रॅम या हिशेबाने सोडियम फ्लोराइड घालावे, म्हणजे ५० मिलिलिटरला ७५ मिलिग्रॅम. खोलीच्या तापमानाला सुमारे ४५ मिनिटे पुरतात. फ्लोराइड विषारी आहे आणि पॅरारोझॅनिलिन, फॉर्मॅलिनही निरुपद्रवी नाहीत. हातमोजे घालून, धूरपेटीत किंवा निदान एक्झॉस्ट पंख्याखाली काम करावे.

फ्लोराइडविना स्लाइडवर मोनोसाइट वंशाच्या पेशी सायटोप्लाझ्मभर विटकरी-तपकिरी होतात आणि फ्लोराइडच्या स्लाइडवर कोऱ्या पडतात. साक्षीपेशी म्हणून रुग्णाचे स्वतःचे पक्व मोनोसाइट चालतात, पण ज्या रक्तात ब्लास्टशिवाय काही उरलेलेच नाही तिथे निरोगी माणसाचे स्मिअर शेजारी ठेवावे. टी-लिम्फोसाइटमध्ये एकच ठिपका दिसतो; त्याला मोनोसाइट समजू नये. मोनोब्लास्ट फार कोवळ्या असतील तर रंग फिका येतो, आणि तेव्हा ‘फ्लोराइडने कमी झाला’ असे लिहिण्याची घाई करू नये, कारण मुळात फिक्या असलेल्या रंगाची घट डोळ्यांना मोजता येत नाही.

जिथे रूप नव्हे, प्रमाण बोलते

न्यूट्रोफिलमधील अल्कधर्मी फॉस्फटेज, ज्याच्या मोजणीला प्रयोगशाळेत आपण एनएपी किंवा एलएपी (न्यूट्रोफिल किंवा ल्युकोसाइट अल्कलाइन फॉस्फटेज) स्कोअर म्हणतो, हे यकृत, हाड आणि मूत्रपिंडात आढळणाऱ्या रूपाच्याच जनुकाचे अपत्य आहे. जुनाट मायलॉइड ल्युकेमियात (सीएमएल) त्याचे रूप बदलत नाही, ते तयारच कमी होते. म्हणून इथे रोधक नाही, मोजणी आहे. कॅप्लो यांनी १९५५ मध्ये दिलेली पद्धत थोड्याफार फरकाने आजही चालते : थंड फॉर्मॅलिन-मिथेनॉलमध्ये अर्धा मिनिट फिक्सिंग, अल्कधर्मी बफरमध्ये नॅफ्थॉल फॉस्फेट आणि फास्ट ब्लू, मग प्रतिरंग. शंभर न्यूट्रोफिल, बँड (किंचित कोवळे न्यूट्रोफिल) धरून, मोजावेत आणि प्रत्येकाला ० ते ४ गुण द्यावेत. शून्य म्हणजे कोरा, चार म्हणजे कणांनी इतका भरलेला की केंद्रकही झाकले जाते. समजा ३० पेशींना शून्य, ३५ पेशींना १, २० पेशींना २, १२ पेशींना ३ आणि ३ पेशींना ४ गुण मिळाले, तर स्कोअर ३५ + ४० + ३६ + १२ म्हणजे १२३ होतो. सामान्य मर्यादा प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्या पद्धतीने, निरोगी माणसांच्या स्लाइडवरून ठरवायची असते. पुस्तकातला आकडा उसना घेऊ नये.

सीएमएलच्या जुनाट अवस्थेत स्कोअर शून्याकडे झुकतो, जंतुसंसर्गामुळे पांढऱ्या पेशी भरमसाट वाढलेल्या असतील तर तो चढतो. या तपासणीतली अडचण अशी की इथे स्लाइडवरच साक्षीपेशी नसतात, कारण ज्यांच्यावर संशय आहे त्याच पेशी मोजायच्या असतात. त्यामुळे बाहेरचे नियंत्रण, म्हणजे दुसऱ्या माणसाची सोबत रंगवलेली स्लाइड, अनिवार्य आहे. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत हा स्कोअर वाढलेला असतो, म्हणून प्रसूतिकक्षातून, त्या बाईंची रीतसर संमती घेऊन, बोटाच्या रक्ताचे स्मिअर मिळवले तर उत्तम नियंत्रण होते.

हे नियंत्रण कसे फसवते ते मी अनुभवाने शिकलो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी बाहेरगावच्या एका रुग्णालयातून ईडीटीएची नळी आली. पांढऱ्या पेशी ४२ हजार, सोबत मायलोसाइटपर्यंतच्या कोवळ्या पेशी, चिठ्ठीवर सीएमएलची शंका. स्कोअर आला ३१, आमच्या खालच्या मर्यादेच्याही खाली. नियंत्रण स्लाइड झकास रंगली होती, म्हणून मी आकडा लिहून टाकला. आमच्या विभागातल्या ज्येष्ठ तंत्रज्ञ बाईंनी नळीवरची वेळ पाहिली आणि मला विचारले, “तुझं नियंत्रण आज सकाळच्या बोटाच्या रक्ताचं, आणि हे रक्त काल दुपारपासून उन्हात प्रवास करून आलेलं. मग दोघांची तुलना कशी करतोस?” रुग्णाला बोलावून बोटाच्या रक्ताचे ताजे स्मिअर केले, स्कोअर २३६ आला. पुढे यकृतातला गळू सापडला. त्या दिवसापासून माझ्या वहीत नियंत्रणाच्या रकान्यात नमुन्याची वेळ आणि नळीचा प्रकारही असतो, आणि दोन्ही स्लाइडचा प्रवास सारखा नसेल तर मी स्कोअर देत नाही, ताजा नमुना मागतो.

चांगल्या नमुन्यावरचा कमी स्कोअरसुद्धा सीएमएलचा पुरावा नव्हे. पॅरॉक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिन्युरिया या लाल पेशी फुटण्याच्या आजारातही तो कमी असतो. उलट सीएमएलच्याच रुग्णाला संसर्ग झाला, गर्भारपण असले किंवा आजार ब्लास्ट अवस्थेत गेला तर तो वाढतो. बीसीआर-एबीएल (सीएमएल घडवणारे जोडजनुक) तपासणीवाचून निदान पुरे होत नाही, हे अहवालात स्पष्ट लिहावे.

पेरॉक्सिडेजबद्दल थोडक्यात

मायलोपेरॉक्सिडेज या मायलॉइड पेशींतल्या एन्झाइमसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड रोजच्या रोज पातळ करावे आणि स्लाइड उजेडात ठेवू नयेत. ब्लास्टपैकी ३ टक्के किंवा अधिक रंगल्या तर मायलॉइड वंश मानण्याची रीत १९७६च्या फ्रेंच-अमेरिकन-ब्रिटिश (एफएबी) वर्गीकरणापासून आहे. इथे साक्षीपेशी म्हणजे रुग्णाचे पक्व न्यूट्रोफिल. ते सगळेच कोरे दिसले तर इओसिनोफिल (कणदार पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) शोधावेत : त्यांचे पेरॉक्सिडेज वेगळ्या जनुकाचे, वेगळे रूप आहे. इओसिनोफिल रंगलेले आणि न्यूट्रोफिल कोरे, असे दिसले तर रसायने ठीक आहेत आणि दोष न्यूट्रोफिलमध्ये आहे. जन्मजात मायलोपेरॉक्सिडेजची कमतरता किंवा ल्युकेमियातून निपजलेले सदोष न्यूट्रोफिल, दोन्ही शक्यता डॉक्टरांना कळवाव्यात. इओसिनोफिलही कोरे असतील तर पेरॉक्साइड बदलून पुन्हा रंगवावे.

अहवालाची भाषा

अहवालात ‘आम्ल फॉस्फटेज पॉझिटिव्ह’ असे तीन शब्द लिहून थांबू नये. कोणत्या पेशी, शंभरात किती, रंग सायटोप्लाझ्मभर की ठिपक्यात, रोधकाने गेला की राहिला, आणि साक्षीपेशींचे काय झाले, हे सगळे लिहावे. उदाहरणार्थ : “बफी कोटच्या स्मिअरमधील १०० लिम्फॉइड पेशींपैकी २२ पेशींत दाट, कणदार रंग, टार्ट्रेटनंतर त्यांपैकी २० पेशींत तो तसाच, त्याच स्लाइडवरील न्यूट्रोफिल पूर्णपणे कोरे.” असे वाक्य वाचणाऱ्या डॉक्टरांना पुढची तपासणी नेमकी मागता येते. हेअरी सेलसाठी ती म्हणजे सीडी११सी, सीडी२५, सीडी१०३ आणि सीडी१२३ या पेशीच्या पृष्ठभागावरच्या खुणांची फ्लो सायटोमेट्री आणि २०११ साली उमगलेला बीआरएएफ जनुकातला व्ही६००ई हा बदल. या आजारावर क्लॅड्रिबिनसारखे परिणामकारक औषध आहे, म्हणून निदान एक आठवडा आधी झाले तर रुग्णाचा तेवढा आठवडा वाचतो.

रंगवलेल्या जोडीच्या दोन्ही स्लाइड एकाच क्रमांकाने, ‘अ’ आणि ‘ब’ अशा खुणा करून, एकत्र ठेवाव्यात आणि न रंगवलेल्या राखीव स्लाइड निदान पक्के होईपर्यंत टाकू नयेत. जोडीतल्या रंगीत भागाचे छायाचित्र त्याच दिवशी घ्यावे, कारण ग्लिसरीन जेलीखालचा फास्ट गार्नेट काळाबरोबर फिका होत जातो.